झेल्याचे हात

झेल्याचं खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा आठवायला लागत असे. ज्याने आयुष्यभर हवेतून आलेल्या विटा झेलल्या, त्याला दुसरं काय म्हणणार? आणि त्या विटा खालून फेकणारी त्याची बायको, तिला सगळे नेमबाई म्हणत. दोन मजली, तीन मजली घरांची कामं असत तेव्हा ही जोडी सगळ्या बिगाऱ्यांमध्ये नावाजलेली होती. ती खाली विटांच्या ढिगापाशी, तो वर परांचीवर. ती फेकायची, तो घ्यायचा. मध्ये बोलणं नाही, इशारा नाही. नवीन गवंडी आला की मुकादम त्याला मुद्दाम दाखवायला आणत असे आणि ही दोघं तेवढ्यापुरती आणखी भाव खात.

यात कसब कुठे होतं ते झेल्या एकदा बायकोला समजावून सांगत होता. तेव्हा त्यांचं लग्नही व्हायचं होतं. मुकादमाने दोघांना एका भिंतीवर जोडीने लावलं होतं, म्हणजे एका अर्थी लग्न मुकादमानेच जमवलं. झेल्या म्हणाला होता, "वीट वर आली की क्षणभर थांबते, बघ. वर जायचं संपलेलं असतं आणि खाली यायचं अजून सुरू झालेलं नसतं. तेवढ्यात तिला काही वजन नसतं. तेव्हा उचलायची. उशीर केलास तर ती दगड होते." नेमबाईला हे इतकं आवडलं की त्या दिवसापासून ती वीट अशी फेकू लागली, की ती बरोबर त्याच्या हातापाशी येऊन थांबावी. संसारही त्यांनी तसाच केला. तिने जेवढ्याला तेवढं पुढे करायचं आणि त्याने वेळेवर घ्यायचं.

मुलगी झाली तेव्हा तो तिलाही उडवायचा. गल्लीतल्या बायकांचा जीव टांगणीला लागायचा. पोर छतापाशी जाऊन थांबायची, खिदळायची, आणि खाली यायला लागायच्या आत बापाच्या पंजात असायची. सासू ओरडायची, शेजारीण डोळे झाकायची. नेमबाई मात्र भाजी चिरत बसलेली असायची. त्या हातांवर तिचा असा विश्वास होता की तिने मान वर करून पाहण्याचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत.

पुढे घरं उंच झाली. इतकी उंच की वीट फेकून पोचवायचा प्रश्नच उरला नाही. विटा लिफ्टने जाऊ लागल्या. लोखंडाचा पिंजरा, खडखडत वर जाणारा. नेमबाई खाली त्या पिंजऱ्यात विटा भरायला लागली आणि झेल्या वर त्या उतरवून गवंड्यांना द्यायला. दोघं एकाच इमारतीत होती, पण आता तो तिला दिसत नव्हता. वर पाहिलं तर फक्त परांचीचे पाइप, हिरवी जाळी आणि आभाळ. तरी दर खेपेला ती मान वर करून पाहायचीच.

वर काम करणाऱ्याच्या कमरेला पट्टा असतो, पट्ट्याला दोरी आणि दोरीच्या टोकाला हुक. हुक पाइपाला अडकवलेला आहे तोवर माणूस सुरक्षित. पण एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकायचं तर हुक इथून काढून तिथे लावावा लागतो. त्या दोन पाइपांच्या मधला माणूस कशालाच बांधलेला नसतो. सगळ्यांना हे माहीत असतं आणि सगळेजण त्याबद्दल बोलायचं टाळतात.

लांब्या गेला तो याच मधल्या जागेत. लांब्या म्हणजे गिलावा करणारा, झेल्याच्या डब्याला डबा लावून जेवणारा, स्वतःच्याच विनोदावर आधी हसणारा. दुपारी वरून आरोळी आली, "खाली!" ही आरोळी आली की खालच्यांनी वर बघायचं नाही, पत्र्याच्या छपराखाली शिरून भिंतीला चिकटायचं, असा नियम. नेमबाई चिकटली. आधी थापी आली. वाळूत मुठीपर्यंत घुसली. तिला पाहून सगळ्यांनी हुश्श केलं. मग जरा वेळाने लांब्या आला. तो जरा वेळ किती होता हे नेमबाईला नंतर कुणी कुणी विचारलं. तिने कुणालाही सांगितलं नाही.

झेल्या तेव्हा त्याच फळीवर होता. घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "हुक बदलत होता. थापी सुटली आणि तिच्यामागे त्याचा हात गेला. नुसता हात गेला, अगं. बाकीचा लांब्या त्या हाताच्या मागून गेला."

नेमबाईने त्याच्या पुढे ताट वाढलं होतं. ती त्याच्या हातांकडे पाहत राहिली.

काम बंद राहिलं, मग सुरू झालं. सुरू होण्याआधी सेफ्टीच्या मॅडमनी सगळ्यांना आवारात बोलावलं. मॅडम वयाने लहान होत्या, पण बोलताना आवाज चढवत नसत, त्यामुळे लोक ऐकून घेत. त्या अर्धवट बांधलेल्या जिन्यावर चढल्या. एका हातात वीट, एका हातात लोखंडी नट. "आधी काय पडेल?" मुकादम म्हणाला वीट. सगळे म्हणाले वीट. मॅडमनी दोन्ही एकदम सोडलं.

वीट धप्पकन जमिनीवर आपटली. नट आपटलाच नाही.

नट झेल्याच्या मुठीत होता. तो जिन्याखाली उभा होता, आणि आपण मूठ कधी मिटली हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. आवारात हशा पिकला. कुणी शिट्टी मारली. मुकादम म्हणाला, "मॅडम, याच्यासमोर तुमचं काही चालणार नाही." झेल्यानेही लाजत लाजत नट परत दिला. न हसणाऱ्या दोघीच होत्या. एक नेमबाई आणि दुसऱ्या मॅडम.

मॅडमनी विचारलं, "काका, तुम्ही वर असता?"

"हो. अगदी वर."

मॅडमनी झेल्याला बाजूला उभं करून पुन्हा दोन्ही सोडलं. या वेळी दोन्ही एकदमच पडलं. मग त्या म्हणाल्या, "जड असो, हलकं असो, सुटलेली वस्तू सारख्याच चालीने खाली जाते. थापी, वीट, माणूस, सगळं. आणि पडता पडता वेग वाढतच जातो. म्हणून आधी सुटलेल्याला मागून निघालेला कधीच गाठत नाही. उलट दोघांतलं अंतर वाढत जातं. तुमचा हात पोचेपर्यंत ती पुढे गेलेली असते. थापी दुकानात मिळते. काही सुटलं की मनातल्या मनात नाही, तोंडाने म्हणा, जाऊ दे. आणि हात पाइपावर ठेवा."

सगळ्यांनी शाळेतल्या पोरांसारखं एका सुरात म्हटलं, "जाऊ दे."

नंतर मॅडम नेमबाईला लिफ्टपाशी येऊन भेटल्या. "त्यांना खाली घेऊ का? बाकीच्यांना शिकवता येईल. त्यांचा हात विचार करायच्या आधीच निघतो."

नेमबाईने तेच घरी सांगितलं तर झेल्या उसळला. "खाली बसून काय करू? वाळू चाळू? सगळं आयुष्य ज्यावर काढलं तो आता दोष झाला का माझा?" तो असं कधी बोलत नसे. नेमबाईला त्याचं वाईट वाटलं आणि त्याहून जास्त भीती वाटली.  तिसऱ्या दिवशी, तो चहा पीत असताना, तिने काही न सांगता ओट्यावरचा पळा खाली ढकलला.

पळा जमिनीवर पडला नाही. झेल्याच्या एका हातात कप होता, दुसऱ्यात पळा. चहाचा थेंबही सांडला नव्हता.

"काय गं, हातातून निसटला?"

"मुद्दाम टाकला," नेमबाई म्हणाली. "आणि तुम्ही मेलात."

तिथून त्या घराचं जे झालं ते बघण्यासारखं होतं. लाँड्रीच्या मागच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत पलंग आणि वर माळा, माळ्याला लावलेली उभी शिडी. मागच्या खोलीत ओटा. या एवढ्याशा जागेत दिवसभर काही ना काही पडू लागलं. वाटी, साबण, कंगवा, बादलीतला तांब्या. नेमबाई पाठ करून उभी आहे असं वाटायचं आणि तिच्या कोपराने डबा खाली यायचा. झेल्या झेलायचा. ती म्हणायची, "मेलात." पुन्हा. "मेलात." जावई जेवायला आला होता तेव्हा ताटाशेजारचं भांडं पडलं, ते झेल्याने झेललं, आणि सासूबाई हसऱ्या चेहऱ्याने "मेलात" म्हणाल्या, तेव्हा जावयाचा घास घशातच अडकला. त्याला सगळं समजावून सांगता सांगता मुलीच्या नाकी नऊ आले.

मुलगी लाँड्रीतच कामाला होती. तिची लेक ठकी दिवसभर शेजारच्या बाईकडे आणि संध्याकाळी आजीआजोबांकडे असायची. ठकीला हा खेळ भारी आवडला. काही पडलं की ती टाळ्या पिटायची आणि आजोबांच्या आधी ओरडायची, "जाऊ दे!"

सवय मोडायला फार दिवस लागले. आधी झेल्याने हात मांडीखाली दाबून बसून पाहिलं. मग नुसते मांडीवर. काही पडलं की बोटं वळायची, मनगट उचलल्यासारखं व्हायचं, कपाळावर घाम यायचा आणि तो दात आवळून म्हणायचा, "जाऊ दे." रात्री झोपेतसुद्धा त्याच्या बोटांची उघडझाप चालायची. नेमबाई ती बोटं आपल्या हातात धरून पडून राहायची. जे हात पाहून आपण या माणसाशी लग्न केलं तेच आपण मारायला निघालो आहोत, हे तिला कळत होतं. पण वाळूत मुठीपर्यंत घुसलेली थापी डोळ्यांपुढून हलत नव्हती. पहाटे उठून ती पुन्हा वाटी टाकायची.

मग एक दिवस चिनी मातीची बरणी पडली. नेमबाईची लाडकी, आईने दिलेली. ती तिने मुद्दाम टाकली नव्हती, खरंच निसटली होती. बरणी फुटली, मीठ घरभर झालं. झेल्या शेजारीच बसला होता. त्याचे हात मांडीवर शांत होते. बोटंही वळली नव्हती.

"जाऊ दे," तो म्हणाला, अगदी सहज.

नेमबाई बरणीच्या तुकड्यांपाशी बसून रडली आणि हसलीही. मीठ गोळा करता करता तिला वाटलं, चला, सुटलो एकदाचे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वर तो प्रसंग आला. झेल्या हुक बदलत होता आणि बगलेतली लाकडी पट्टी सुटली. खाली नेमबाईने आरोळी ऐकली, भिंतीला चिकटली. पट्टी येऊन फरशीवर आपटली, दोन तुकडे झाले. नेमबाईने डोळे मिटले आणि ती वाट पाहू लागली. तो जरा वेळ तिला माहीत होता. तो गेला. आणखी गेला. दुसरं काही आलं नाही. वरून झेल्याचा आवाज आला, "पट्टी पाठवा रे दुसरी!" तिचा जीव भांड्यात पडला. मॅडम स्वतः वर जाऊन त्याच्याशी हात मिळवून आल्या. त्या रात्री नेमबाई पहिल्यांदा गाढ झोपली.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

ठकी तीन वर्षांची होती आणि तिचा चेंडू माळ्यावर गेला होता. झेल्या पलंगावर बसून मोजे काढत होता. शिडी त्याच्यापासून हाताच्या अंतरावर. नेमबाई मागच्या खोलीत होती आणि दारातून तिला दोघंही दिसत होती. ठकी शिडी चढत होती हे झेल्यालाही दिसत होतं आणि तिलाही. ती रोजच चढायची, दोन पायऱ्या चढून उतरायची. त्या दिवशी ती वर पोचली, चेंडूला हात घातला, चेंडू निसटला, आणि ठकीचा हात त्याच्यामागे गेला.

आधी चेंडू आला. झेल्याने तो पाहिला. मग ठकी आली. नेमबाईला त्या क्षणी दिसले ते फक्त हात. मांडीवर, शांत, एक मोजा धरलेले. आणि कानावर आला तो आवाज, रोजचा, घरातल्या सगळ्यांच्या तोंडी बसलेला.

"जाऊ दे," झेल्या म्हणाला.

तो म्हणून चुकला आणि मग त्याला कळलं.

ठकीचा हात कोपरापाशी मोडला. डोकं वाचलं, ते पलंगावरून खाली लोंबणाऱ्या गोधडीमुळे. डॉक्टर म्हणाले लहान हाडं आहेत, जुळतील. दवाखान्याच्या बाकावर झेल्या बसला होता, एका पायात मोजा आणि एक पाय उघडा. मुलगी लाँड्रीतून तशीच धावत आली होती, कपड्यांना साबणाचा वास. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती बापासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला छतापर्यंत उडवायचात तुम्ही. एकदा तरी पडले का मी?"

झेल्या आपल्या उघड्या पायाकडे पाहत राहिला. नेमबाई बोलू शकली असती. ही माझी करणी आहे, मी शिकवलंय हे त्यांना, असं ती म्हणू शकली असती. मनात म्हणालीही. आणि औषधांची चिठ्ठी घेऊन ती दुकानाकडे गेली.

मग घर शांत झालं. काही पडेनासं झालं. नेमबाई वाटीसुद्धा दोन्ही हातांनी उचलू लागली. झेल्या कामावर जाई, येई, मागच्या अंगणात बसे. चेंडू जमिनीवर आपटल्याचा आवाज येत राही. नेमबाईला वाटलं, ठकीला खेळवतोय. ठकी तिथे बसलेलीही असायची, प्लास्टरचा हात गळ्यात बांधून. एकदा नेमबाई धुणं वाळत घालायला गेली तेव्हा तिने नीट पाहिलं. ठकी खेळत नव्हती. ठकी नुसती चेंडू टाकत होती, चांगल्या हाताने, पायरीवरून खाली, आणि तिचा आजोबा जमिनीवर गुडघे टेकून, घामाने निथळत, तो झेलायचा प्रयत्न करत होता. चेंडू त्याच्या बोटांना लागून निसटत होता. "पुन्हा टाक, बाळा," तो म्हणत होता. "पुन्हा टाक."

नेमबाई ओले कपडे घेऊन तशीच आत आली. त्याला थांबवायला हवं होतं. पण काय सांगून थांबवणार? पोर समोर बसली होती. गळ्यात मोडलेला हात घेऊन.

त्यानंतर रोज अंगणातून चेंडू पडल्याचा आवाज यायचा. हळूहळू तो कमी होत गेला. ऐकणाऱ्याला वाटावं खेळ संपत आला. नेमबाईला काय होतंय ते कळत होतं आणि भाकरी थापायची सोडून ती नुसतीच पिठात हात घालून बसायची.

एके सकाळी झेल्या कामावर जायला तयार होऊन ओट्याशी चहा घेत उभा होता. त्या दिवशी सगळ्यात वरच्या मजल्याची परांची सरकवायची होती, म्हणजे दिवसभर हुक काढा आणि लावा. शेजारची बाई न्यायला येईपर्यंत मुलगी ठकीला इथे सोडून गेली होती. ठकी ओट्यासमोरच्या स्टुलावर बसून पाय हलवत होती. नेमबाईने पळ्याकडे पाहिलं. फार दिवसांनी तिने कोपर सरकवलं. देवा, आवाज होऊ दे, एवढंच तिच्या मनात होतं.

आवाज झाला नाही.

झेल्याच्या एका हातात कप होता आणि दुसऱ्यात पळा. चहा सांडला नव्हता. त्याच्या तोंडावर जे हसू होतं ते नेमबाईने विटांच्या ढिगापाशी उभं राहून, मान वर करून, तरुणपणी पाहिलं होतं.

"आले बघ परत," तो म्हणाला. "आता या घरात काही पडणार नाही."

"अहो, आज जाऊ नका."

"का गं?"

ठकीने टाळी वाजवायला हात उचलला, प्लास्टर आडवं आलं, म्हणून ती स्टुलावर चापट्या मारू लागली.  ज्या हातांनी पोर वाचली असती ते तोडा, असं त्या पोरीसमोर ती कोणत्या तोंडाने सांगणार होती?

"जाऊ दे म्हणायचं असतं ना वर," ती कशीबशी म्हणाली. "मॅडमनी सांगितलंय."

"ते मी आता कधी म्हणणार नाही," झेल्या म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, पण तो गंमत करत नव्हता.

"आजी, पुन्हा टाक!" ठकी ओरडली.

नेमबाईने त्याच्या हातातून पळा घेतला. या वेळी जरा लांब, ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेला. त्याचा हात पोचणार नाही इतका लांब. तिने तो सोडला. झेल्याने कप ओट्यावर तसाच सोडून तिकडे झेप घेतली, अख्खा झुकला, एक पाय जमिनीवरून सुटला, आणि जमिनीपासून वीतभर अंतरावर त्याने पळा धरला.

ठकी खदाखदा हसली. झेल्याने पळा पुसून बायकोच्या हातात दिला, खुंटीवरचा पट्टा काढून खांद्यावर टाकला आणि तो कामाला निघाला.